गाठ किती मोठी नव्हे, ती करते काय

आर्वी, जि. वर्धा
७ डिसेंबर

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, जाऊबाईंच्या रिपोर्टचे फोटोही मिळाले. रिपोर्ट मी नीट वाचला, आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनाही दाखवला. तू विचारलंस, ‘गाठीतलं एक एन्झाइम मोजलं की कॅन्सर परत येणार का ते कळतं म्हणे, मग ते करून घेऊ का, म्हणजे केमो द्यायची की नाही ते ठरेल.’ उत्तर आधीच सांगून टाकते. तू ऐकलंस ते खरं आहे, त्यामागे चांगलं भक्कम काम आहे. पण जाऊबाईंच्या गाठीवर ती तपासणी आता होऊ शकत नाही. त्यासाठी ताजा किंवा गोठवलेला तुकडा लागतो, आणि त्यांची गाठ ऑपरेशननंतर लगेच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रवात, गेली. तशी ती जायलाच हवी होती, यात कुणाचं काही चुकलं नाही. म्हणून हातातली वाट गेली असं मनात आणू नकोस. दुसऱ्या वाटा आहेत, त्या पुढे लिहिते. आधी ही एन्झाइमची गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती कळली की डॉक्टरांना काय विचारायचं हे तुझं तुलाच सुचेल.

आपण नेहमी काय विचारतो? गाठ केवढी आहे, काखेत पसरली का. डॉक्टरही तेच पाहतात, त्यात ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते) आणि रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी प्रथिनं) जोडतात. जाऊबाईंची गाठ अडीच सेंटिमीटरची, ग्रेड दोन, काखेतल्या सगळ्या गाठी स्वच्छ, ईआर-पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांचे रिसेप्टर, पॉझिटिव्ह, हर-टू (त्याचं पुढे सांगते) निगेटिव्ह. रिपोर्ट बराच चांगला आहे. पण अगदी असाच रिपोर्ट असलेल्या दोन बायका घे. एक वीस वर्षं ठणठणीत राहते. दुसरीला दोन-तीन वर्षांत हाडात किंवा फुफ्फुसात निघतं. कागदावर दोघी सारख्या असतात, मग फरक कुठे असतो?

फरक गाठीच्या कामात असतो. स्तनातल्या दुधाच्या नळ्यांच्या पेशी एका पातळ पडद्यावर बसलेल्या असतात. कॅन्सर जोवर त्या पडद्याच्या आत आहे तोवर तो दूर जाऊ शकत नाही. बाहेर पडायचं तर पडदा फोडावा लागतो, पलीकडचं कोलॅजनचं जाळं विरघळवावं लागतं, तेव्हा कुठे रक्तवाहिनीपर्यंत पोचता येतं. तुमच्या मोर्शीकडच्या बागेचंच बघ ना. रानडुक्कर केवढं आहे यावर बागेचं नुकसान ठरत नाही, ते कुंपणाखालची माती उकरतं की नाही यावर ठरतं. गाठीचं उकरण्याचं काम काही एन्झाइम करतात. त्यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं म्हणजे यूपीए.

यूपीए म्हणजे युरोकायनेज. नाव ऐकलं असशील, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन म्हणून दवाखान्यात वापरतात. ते पहिल्यांदा माणसाच्या लघवीत सापडलं, म्हणून नावात युरो. आपल्या शरीरात ते एरवी चांगलंच काम करतं, जखम भरताना जुनं जाळं साफ करतं. पेशींच्या भोवती प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन झोपलेल्या अवस्थेत असतं. यूपीए त्याला एका जागी कापतं आणि त्यातून प्लाझ्मिन तयार होतं. प्लाझ्मिन मग गुठळीतलं फायब्रिन पचवतं, पडद्यातली प्रथिनं पचवतं, वर कोलॅजन खाणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमांनाही जागं करतं. म्हणजे एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. आणि हे यूपीए फक्त कॅन्सरच्या पेशीच बनवत नाहीत. गाठीच्या आसपासच्या साध्या पेशी, रोगाशी लढायला आलेल्या पेशी, त्याही गाठीच्या नादाला लागून ते बनवू लागतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार अस्वस्थ वाटलं होतं.

आता ‘मोजलं की कळतं’ हे कुठून आलं ते सांगते. १९८८ साली डब्लिनमध्ये मायकेल डफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींमधल्या यूपीएची क्रियाशीलता मोजली. ज्या गाठींत ती जास्त होती, त्या बायकांना आजार लवकर परतला. पुढे जर्मनीत म्युनिकच्या लोकांनी हे काम हातात घेतलं. त्यांनी क्रियाशीलतेऐवजी एन्झाइमचं प्रमाण मोजायची पद्धत बसवली, कारण क्रियाशीलता फार नाजूक असते. तुकडा जरा वेळ बाहेर राहिला, जरा गरम झाला की आकडा बदलतो.

या कामात एक गोष्ट अशी निघाली की सगळेच थबकले. यूपीएला आवरणारं एक प्रथिन आहे, पीएआय-वन. साधा हिशोब असा की आवरणारं जास्त असेल तर बाईचं भलं व्हावं. निघालं उलटं. ज्यांच्या गाठीत पीएआय-वन जास्त, त्यांचाही आजार जास्त परतत होता. याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. पीएआय-वन नुसतं आवरत नाही. पेशीची पकड सैल करून तिला पुढे सरकू देतं, आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं. शिवाय ज्या जाळ्यावर गाठ उभी आहे तेच सगळं खाल्लं जाऊ नये म्हणून तिला सांभाळतंही. म्हणून आता दोन्ही एकत्र मोजतात, आणि दोन्ही कमी असतील तरच ‘धोका कमी’ म्हणतात.

२००२ साली युरोपातले १८ अभ्यास एकत्र करून ८,३७७ बायकांचा हिशोब मांडला गेला आणि हेच चित्र पक्कं झालं. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, जर्मनीत एक चाचणी सुरू झाली होती. तिची मांडणी मला फार आवडते. काखेत कॅन्सर न पोचलेल्या ५५६ बायका घेतल्या. ज्यांच्या गाठीत दोन्ही प्रथिनं कमी, त्यांना केमो द्यायचीच नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. ज्यांच्यात जास्त, त्यांच्यातल्या काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून केमो आणि बाकीच्यांना नुसतं निरीक्षण. तीन वर्षांनंतर कमी असलेल्या गटात शंभरातल्या साधारण सात बायकांना आजार परतला होता. जास्त असलेल्यांत, केमो न घेतलेल्यांमध्ये, ते प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास होतं. कमी असलेला गट काही लहान नव्हता, ५५६ मधल्या २४१ बायका त्यात होत्या. इतक्या बायकांना केमोशिवाय ठेवता येतं, हे त्यातून दिसलं. २००७ साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनंही आपल्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी घेतली.

कुंदा, हे वाचताना मला वारंवार वाटतं की अशा तपासणीची खरी गरज आपल्याकडच्या बायकांना आहे. तिकडे केमो टळली तर एक त्रास टळतो. आपल्याकडे केमो टळली तर घर वाचतं. फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन होतं, सलाइन लागतं, औषधंही मिळतात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ऐन वेचणीच्या दिवसांत बाई वावरात नाही म्हणजे काय, ते कोणत्या योजनेत धरतात? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, बसलं की बुडतं. दर तीन आठवड्यांनी पहाटेची एसटी धरून नागपूर. सोबत एक माणूस, त्याचीही मजुरी बुडते. नंतरचे आठ दिवस तोंडाला फोड आणि वास सहन होत नाही म्हणून चुलीपाशी बसवत नाही. केस गेले की बाई अंगणातही पदर कपाळापर्यंत ओढून बसते. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तिसऱ्या सलाइननंतर जाणं सोडलं. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, “आता मले बरं हाय ना, मंग कायले पैसे घालवू?” त्यांना केमोची गरज होती, काखेत निघालं होतं. आणि दुसरीकडे गरज नसताना सगळी सलाइन निमूट घेणाऱ्याही असतील. कोण कुठल्या गटात हे आधी ओळखता आलं, तर डॉक्टर एकीला ठामपणे ‘तुला नको’ म्हणतील आणि दुसरीच्या घरी चार वेळा माणूस पाठवतील.

मग एवढी चांगली तपासणी सगळीकडे का होत नाही? कारण तुकडा. ऑपरेशन झाल्यावर गाठीचा एक भाग लगेच गोठवायचा, थेट द्रव नायट्रोजनमध्ये. मग तो दळायचा, अर्क काढायचा आणि त्यात मोजायचं. फॉर्मलिनमध्ये घातलेल्या तुकड्यात प्रथिनं एकमेकांना जखडली जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ती सुरेख दिसतात, पण काम करत नाहीत, आणि असं मोजूही देत नाहीत. जर्मनीतल्या मोठ्या दवाखान्यांनी गोठवायची शिस्त बसवली, इतरांना ते जमलं नाही. मी आमच्या भागात नेहमीच्या कामात ही तपासणी होताना पाहिलेली नाही. तालुक्याच्या गावी द्रव नायट्रोजन म्हटलं की गुरांच्या दवाखान्यातली रेतनाची टाकी आठवते. म्हणजे थंडी गावापर्यंत पोचलेली आहे, ती बाईच्या गाठीसाठी वापरायची असं कुणाच्या मनात आलं नाही, इतकंच.

मला खरी कळकळ वाटते ती याच्याही आधीच्या गोष्टीची. गोठवणं दूरच राहिलं, साध्या फॉर्मलिनचीही आपल्याकडे आबाळ आहे. मी रोज टेबलावर येणाऱ्या बाटल्या उघडते. एका लहान दवाखान्यातून गाठ नुसत्या सलाइनमध्ये आली होती, उन्हाळ्यात, दीड दिवसाचा प्रवास करून. एकदा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली आली, बाहेर काढताना तुकडे झाले. कधी अख्खी गाठ न कापता घातलेली असते आणि वर दोन बोटं फॉर्मलिन. अशा वेळी बाहेरचा थर टिकतो आणि आतला सडतो. व्हायला हवं ते अवघड नाही. गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जावी, मोठी असेल तर मध्ये काप द्यावेत, गाठीच्या दहापट फॉर्मलिन असावं, आणि निदान सहा तास, जास्तीत जास्त तीन दिवस ती त्यात राहावी. त्यासाठी यंत्र लागत नाही, लागते ती ऑपरेशन थिएटरातल्या सिस्टरला दिलेली एक रुंद तोंडाची बरणी आणि बरणीवर लिहिलेली वेळ.

नाही पाळलं तर काय होतं? ईआर रिसेप्टर मरतो आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ उमटतं. मग त्या बाईला टॅमॉक्सिफेन, म्हणजे गाठीपर्यंत इस्ट्रोजेनचा निरोप पोचू न देणारी गोळी, मिळत नाही. ईआर पॉझिटिव्ह बाईनं ती स्वस्त गोळी पाच वर्षं घेतली, तर पंधरा वर्षांच्या काळात स्तनाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका जवळपास एक तृतीयांशानं कमी होतो. इतकं मोठं औषध एका चुकीच्या बाटलीमुळे हातचं जातं. ती बाई कुठल्या गावची, कुणाची आई, मला माहीत नसतं. माझ्यापुढे फक्त आकडा असतो आणि तिचा तुकडा. मॅडमना सांगून ‘फिक्सेशन बरोबर नाही, नवा नमुना पाठवा’ असं लिहवून घेते. कधी येतो, बऱ्याचदा येतच नाही.

आता जाऊबाईंकडे येते. एन्झाइम मोजून झालं नाही असं तुला वाटतंय, पण त्यांच्या रिपोर्टात एक एन्झाइम बसलेलं आहे. हर-टू. तो रिसेप्टर म्हणजे स्वतःच एक एन्झाइम आहे, टायरोसिन कायनेज. तो पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप देत राहतो. १९८७ साली डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं की ज्या गाठींत या रिसेप्टरच्या जनुकाच्या जास्त प्रती असतात, त्या बायकांचा आजार लवकर परततो आणि आयुष्यही कमी होतं. आणि हे नुसतं भाकीत राहिलं नाही. त्याच रिसेप्टरला अडवणारं ट्रॅस्टुझुमॅब १९९८ साली बाजारात आलं. एकेकाळी फार वाईट मानली जाणारी गाठ त्यामुळे बरी होऊ लागली. जाऊबाईंचा हर-टू निगेटिव्ह आहे, त्यांना ते लागणार नाही.

दुसरं एन्झाइम त्यांच्या उपचारात येईल असं मला वाटतं, ॲरोमॅटेज. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणं सोडतं, तरी शरीरातल्या चरबीत हे एन्झाइम दुसऱ्या हार्मोनांपासून थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहतं. ईआर पॉझिटिव्ह गाठ त्यावरच पोसते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या ॲरोमॅटेजला बंद पाडतात. जाऊबाई चौपन्नच्या, पाळी गेलेली, म्हणून डॉक्टर बहुधा यातलीच एक गोळी देतील. ती रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, बरं वाटत असलं तरी. तू फोनवर मागे लागून विचारत जा. या गोळ्यांनी सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात, मग बायका कुणाला न सांगता गोळी बंद करतात. त्यांनी तसं करू नये, सांगावं. दुसरी गोळी बदलून मिळते.

केमोचं म्हणशील तर फॉर्मलिनमधल्या गाठीवरच चालणाऱ्या जनुकांच्या तपासण्या आता आहेत. २१ जनुकांची एक तपासणी अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या १०,२७३ बायकांच्या चाचणीत वापरली गेली, तिचा निकाल २०१८ साली आला. काख स्वच्छ, ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे थेट जाऊबाईंसारख्याच. या तपासणीतून आजार परतण्याच्या धोक्याचा स्कोअर मिळतो. मधला स्कोअर आलेल्या बायकांत नुसती हार्मोनची गोळी आणि केमोसकट गोळी यांत फरक निघाला नाही, विशेषतः पन्नाशीपुढच्या बायकांत. ही तपासणी लाखांच्या घरात जाते. बेंगळुरूला बनलेली कॅनअसिस्ट नावाची पाच प्रथिनांची तपासणीही आहे, तीही ब्लॉकवरच, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावरच, होते. डॉक्टरांना सरळ विचार, “यांच्या बाबतीत केमोनं नक्की किती फायदा होईल? शंभरात किती?” आकडा मागायला लाजू नकोस. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत. त्यांनी तपासणीशिवायच ‘केमो नको’ म्हटलं तरी घाबरू नका, आणि ‘हवी’ म्हटलं तर कारण समजून घेऊन पूर्ण करा.

अजून एक. त्यांची गाठ जाऊबाईंच्या सुनेनं ओळखली असं तू लिहिलंस. त्या पोरीला माझा आशीर्वाद सांग. आपल्याकडे बायका छातीतली गाठ महिनोन्महिने पदराआड ठेवतात. सगळ्यांचं कारण एकच, “दुखत नाई त कायले दाखवू?” दुखत नाही म्हणूनच दाखवायचं असतं, हे गावागावांत सांगितलं पाहिजे. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर निघाला आणि सुमारे ९८ हजार गेल्या. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासायच्या, मॅमोग्राफी नाही, काही नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. आपल्या आशाताईंना हे शिकवता येणार नाही का? मी इथल्या उपकेंद्राच्या सिस्टरशी बोलतेय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमतात, तेव्हा एक तास मागून घेतलाय.

तू एवढं कर. जाऊबाईंच्या गाठीचे मेणाचे ब्लॉक आणि काचा कुठे आहेत ते दवाखान्यात विचार. मागितल्यावर देतात, पण पावती घे आणि ब्लॉक उन्हात किंवा चुलीजवळच्या कपाटात ठेवू देऊ नकोस. कुठलीही पुढची तपासणी त्यावरच होईल. नागपूरच्या भेटीची तारीख ठरली की कळव, मी रजा काढून येते, डॉक्टरांशी आपण दोघी मिळून बोलू. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार. जाऊबाईंना सांग, शालूनं तुमचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि तो तिला चांगला वाटला.

तुझीच,
शालू